बेडका निघत नाही, मग टीबी कसा ओळखायचा?

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, घटलेले वजन किंवा खोकल्यातून रक्त. अशी लक्षणे असतील तर डॉक्टर सर्वप्रथम बेडका तपासायला सांगतात. पण लहान मुलांना बेडका काढता येत नाही. एचआयव्ही असलेल्या किंवा खूप अशक्त झालेल्या रुग्णांचाही बेडका निघत नाही, किंवा निघाला तरी त्यात जंतू कमी असतात. अशा वेळी सुई किंवा नळी न घालता मिळणाऱ्या नमुन्यात टीबीची खूण शोधता येते. या खुणेला बायोमार्कर म्हणतात.

लघवीची तपासणी (लॅम)

टीबीच्या जंतूच्या आवरणात लॅम नावाचा घटक असतो. आजार शरीरात पसरला असेल तर तो लघवीत उतरतो. पट्टीवर लघवीचे थेंब टाकल्यावर साधारण २५ मिनिटांत निकाल कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ही तपासणी एचआयव्ही असलेल्या गंभीर रुग्णांसाठी सुचवली आणि २०१९ मध्ये तिचा वापर वाढवला. एचआयव्ही नसलेल्यांसाठी सध्याची पट्टी उपयोगाची नाही.

लक्षात ठेवा: पट्टी पॉझिटिव्ह आली तर उपचार लवकर सुरू करता येतात. निगेटिव्ह आली तर टीबी नाही असे समजू नका. ही पट्टी निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये टीबी असूनही तो दाखवत नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा बेडकाही तपासतात.

मुलांच्या शौचाची तपासणी

मुले बेडका थुंकत नाहीत, गिळतात. त्यामुळे जंतूंचे अंश शौचातून बाहेर पडतात. जंतूची जनुकीय खूण शोधणाऱ्या यंत्रावर हा नमुना तपासता येतो. पूर्वी यासाठी मुलाला उपाशी ठेवून, सकाळी नाकातून नळी घालून पोटातील द्रव काढावा लागे. काही मुलांमध्ये ते अजूनही करावे लागते. मात्र तुमच्या मुलाची शौचाची तपासणी होऊ शकेल का, हे आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. इथेही निगेटिव्ह निकालाने टीबीची शक्यता संपत नाही. लक्षणे, एक्स-रे आणि घरात कोणाला टीबी आहे का, हे पाहून डॉक्टर निर्णय घेतात.

जीभ, श्वास आणि बोटातील रक्ताचा थेंब

जिभेवरून काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यातही जंतूची जनुकीय खूण सापडू शकते. नमुना घेणे सोपे असले तरी त्यात जंतू बेडक्यापेक्षा कमी असतात. श्वासातील वायू आणि बोटातील थेंबभर रक्तातील जनुकांच्या खुणा यांवरही संशोधन सुरू आहे.

या तपासण्यांनी फसू नका

ट्यूबरक्युलिन त्वचा चाचणी आणि इग्रा रक्तचाचणी शरीरात टीबीचा संसर्ग झाला आहे का, एवढेच सांगतात. आजार सध्या सक्रिय आहे की जंतू सुप्त आहेत, हे त्यांतून कळत नाही. रक्तातील अँटिबॉडी पाहून टीबीचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. त्यांचे निकाल चुकीचे येत आणि लोकांना नको ती औषधे घ्यावी लागत.

बेडका देता येत असेल तर

आजही फुप्फुसाच्या टीबीसाठी बेडक्याची जनुकीय तपासणी (सीबीनॅट किंवा ट्रूनॅट) सर्वांत भरवशाची. ट्रूनॅट हे गोव्यात तयार झालेले यंत्र आहे. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतील का, हेही या तपासणीत कळते. सकाळी पाण्याने चूळ भरा, खोल श्वास घ्या आणि मोकळ्या जागेत, इतरांपासून दूर खोकून छातीतला बेडका काढा. नुसती लाळ चालत नाही.

गाठीचा, हाडांचा किंवा मेंदूचा टीबी असेल तर बहुतेक वेळा त्या जागेचा नमुना सुईने घ्यावाच लागतो. त्याला घाबरून टाळाटाळ करू नका.

डॉक्टरांना पुन्हा कधी भेटाल?

निकाल निगेटिव्ह आला, पण ताप किंवा खोकला थांबत नाही, मुलाचे वजन वाढत नाही, तर थांबू नका. सरकारी आरोग्य केंद्रात टीबीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. माहितीसाठी निक्षय संपर्क हेल्पलाइन: १८००-११-६६६६.