कोल्हापूर प्रकरण आणि शोधपत्रकारितेचे शिक्षण

बेळगावकरांना लोकमान्य टिळक आठवतात ते १९१६ सालचे, होमरूल लीगच्या स्थापनेसाठी येथे आलेले. त्याच्या चौतीस वर्षे आधी, आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाच्या एका प्रकरणात ते तुरुंगात गेले होते. ते प्रकरण देशभक्तीच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. पत्रकारांच्या शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्याचा विचार फारसा झालेला नाही.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज वेडे ठरविले गेले होते, आणि त्यांचा छळ होत असल्याची कुजबुज पुण्यापर्यंत पोहोचली होती. संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर लोकांचा रोष होता. १८८१ च्या अखेरीस बर्वे यांची म्हणून काही पत्रे पुढे आली. बर्वे महाराजांच्या जिवावर उठले आहेत, असा अर्थ त्यांतून निघत होता. त्याच वर्षी जानेवारीत निघालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी त्यांच्या आधारे बर्वे यांच्यावर तोफ डागली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट निघाली.

‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. दोघांचेही वय सव्विशीच्या आसपास. टिळक तर कायद्याचे पदवीधर होते. कागद कोणाच्या हातून आला, मूळ प्रत कोणी पाहिली, अक्षर ताडून कोणी पाहिले, हे प्रश्न ज्याने न्यायालयात विचारले असते, त्यालाच संपादकाच्या खुर्चीत ते पुरेसे सुचले नाहीत. संतापाने ती जागा व्यापली असावी, असे मला वाटते. पत्रे खोटी असल्याचे कळताच दोघांनी दिलगिरी व्यक्त केली; बर्वे यांनी ती मान्य केली नाही. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून ते २६ ऑक्टोबरला डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. त्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले.

यातील खरी शोकांतिका वेगळीच आहे. महाराजांविषयीची काळजी निराधार नव्हती. अहमदनगर येथे ठेवलेले असताना, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर, २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. विषय खरा होता, पुरावा खोटा होता. आणि खोट्या पुराव्याने खऱ्या विषयाचीच हानी केली.

याच्या शेजारी एक दुसरे प्रकरण ठेवून पाहावे. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्यांविषयी लिहिले. सिमेंट नियंत्रित होते, त्याचे वाटप सरकारच्या हाती होते. कोणाला किती सिमेंट मिळाले आणि कोणी किती देणगी दिली, या दोन नोंदी शेजारी ठेवता येत होत्या. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्यांतील संबंध मान्य केला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. (फौजदारी खटला पुढे अनेक वर्षे रेंगाळला.) टिळक-आगरकरांचा खटलाही मुंबईच्या उच्च न्यायालयातच चालला होता, मध्ये जवळपास शंभर वर्षे गेली होती.

मराठी मुलखात पत्रकारितेचे रीतसर वर्ग उशिरा निघाले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये, पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये. तोवर बातमीदार कचेरीत बसून, वरिष्ठांची बोलणी खात तयार होत असे. त्या पद्धतीने भाषा उत्तम येई; ताळेबंद वाचणे, सातबारा उतारा पाहणे, लेखापरीक्षकांचा अहवाल चाळणे मात्र ज्याच्या त्याच्या हौसेवर राही. गोव्यात १९९७ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाल्यावर कागद मिळविणे सोपे झाले. कागदाची पारख मात्र कायदा शिकवीत नाही.

म्हणून वर्गात नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात कोल्हापूर प्रकरणाची हकीकत द्यावी, निकाल न सांगता. आणि छापण्यापूर्वी कोणाकडे जाऊन काय विचाराल, एवढेच लिहून मागावे. बर्वे यांचे नाव कितीजणांच्या यादीत येते, ते शिक्षकांनी मोजावे.