कोंदण आणि हिरा



भाईंदरच्या आमच्या घरांत एक जुना संगणक आहे. २००८ सालीं घेतलेला. गेल्या पावसाळ्यांत तो एकाएकीं बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनीं पेटी उघडून निदान सांगितलें, "मदरबोर्ड गेला, प्रोसेसर मात्र धडधाकट आहे." मदरबोर्ड म्हणजे यंत्राचे सारे भाग जिच्यावर बसतात व एकमेकांशीं बोलतात ती पाटी, आणि प्रोसेसर म्हणजे त्या पाटीवरचा गणित करणारा मेंदू. शेजाऱ्यांच्या माळ्यावर २००५ सालचा एक बोर्ड पडून होता, तो त्यांनीं आपण होऊन आणून दिला. आमचा प्रोसेसर त्याच्या सॉकेटांत अगदीं चपखल बसला. पंखा फिरूं लागला. पण पडदा काळाच राहिला.

बसणें आणि जुळणें या दोन क्रियापदांत केवढें अंतर आहे तें त्या दिवशीं मला कळलें. हें अंतर निसर्गानें घातलें कीं माणसांनीं, याचा शोध घेतां घेतां जो इतिहास हातीं लागला, तो आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. त्या इतिहासाच्या ऐन मध्यावर पुण्यास जन्मलेला एक मनुष्य उभा आहे, हें मला आधीं ठाऊक नव्हतें.

प्रोसेसर हा हिरा मानला, तर सॉकेट हें त्याचें कोंदण होय. आरंभीं हें कोंदण कोणा एकाच्या मालकीचें नव्हतें. १९८१ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें आपला घरगुती संगणक बाजारांत आणला, त्यांत इंटेल कंपनीचा ८०८८ हा प्रोसेसर होता. एवढ्या मोठ्या व्यवहारांत एकाच पुरवठादारावर विसंबणें आय्. बी. एम्.ला धोक्याचें वाटलें. म्हणून १९८२ सालीं इंटेलनें ए. एम्. डी. या कंपनीशीं करार केला व त्याच घडणीचे प्रोसेसर तिनेंहि करावे असें ठरलें. परंतु १९८५ सालीं ३८६ हा प्रोसेसर निघाला, तेव्हां त्याची विद्या इंटेलनें ए. एम्. डी.ला दिली नाहीं. तंटा न्यायालयांत गेला, आणि तो पुरता मिटावयास १९९५ साल उजाडलें. मधल्या काळांत, १९९१ सालीं, ए. एम्. डी.नें स्वतः खपून आपला ३८६ तयार केला. तो इंटेलच्याच कोंदणांत बसे आणि तेथें चाले. नुसत्या आंकड्यावर मालकी सांगतां येत नाहीं असा निर्णय न्यायालयानेंहि दिला होता. तेव्हां पुढच्या प्रोसेसराला इंटेलनें आंकडा न देतां नांव दिलें. ग्रीक भाषेंत 'पेंटा' म्हणजे पांच, त्यावरून 'पेंटियम'.

या पेंटियमच्या कामाचें नेतृत्व विनोद धाम यांनीं केलें. फाळणीच्या वेळीं रावळपिंडीहून आलेल्या कुटुंबांत, १९५० सालीं पुण्यांत त्यांचा जन्म झाला. शिक्षण दिल्लीस झालें व पुढें ते अमेरिकेंत गेले. 'पेंटियमचे जनक' म्हणून जग त्यांस ओळखतें. २०२५ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें.

पेंटियम मार्च १९९३ मध्यें बाहेर पडला. त्यांत ३१ लक्ष ट्रान्झिस्टर होते व त्याला ५ व्होल्टचा दाब लागे. दाब जास्त तितकी उष्णताहि जास्त. म्हणून पुढच्याच वर्षीं निघालेले पेंटियम ३.३ व्होल्टवर आणले गेले आणि त्यांचें कोंदण बदललें. पहिल्या पेंटियमच्या बोर्डावर दुसरा पेंटियम बसेना! येथें दोष कोणाचाच नव्हता. ट्रान्झिस्टर जसजसे बारीक होत जातात, तसतसा त्यांना कमी दाब सोसतो. हें अंतर निसर्गाचें.

१९९५ सालीं धाम यांनीं इंटेल सोडली व ते नेक्सजेन नांवाच्या लहानशा कंपनींत गेले. नेक्सजेनचा प्रोसेसर गुणानें कमी नव्हता. पण तो रूढ कोंदणांत बसत नसे, त्याला स्वतःचा निराळा बोर्ड लागे. हिरा चांगला, पण कोंदण सोनारांकडे मिळेना, अशी त्याची गत झाली. ए. एम्. डी.नें ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या पुढच्या प्रोसेसराची बाह्य रचना बदलून तो 'सॉकेट ७' या पेंटियमच्याच कोंदणांत बसेल असा केला. एप्रिल १९९७ मध्यें तो 'के ६' या नांवानें निघाला. धाम यांच्या हातचा पेंटियम ज्या बैठकीवर राज्य करीत होता, त्याच बैठकीवर त्यांनीं पाठीशीं घातलेला दुसरा दावेदार येऊन बसला. ग्राहकानें बोर्ड तोच ठेवावा आणि प्रोसेसर तीन-चार कंपन्यांतून निवडावा, असे ते दिवस होते. मात्र तेथेंहि नुसतें बसणें पुरेसें नव्हतें. बोर्डाला योग्य तो दाब देतां आला, तरच नवा प्रोसेसर चाले.

हे दिवस फार टिकले नाहींत. मे १९९७ मध्यें इंटेलनें पेंटियम दुसरा आणला, तो सॉकेटांत न बसतां 'स्लॉट १' नांवाच्या उभ्या खोबणींत बसे. या रचनेचा परवाना ए. एम्. डी.ला मिळाला नाहीं. १९९९ सालीं ए. एम्. डी.नें आपली 'स्लॉट ए' काढली. गंमत अशी, कीं दोन्ही खोबणी मापानें सारख्याच, पण एकीचा प्रोसेसर दुसरींत चालत नसे. हें अंतर माणसांचें. येथून दोन घराणीं विभक्त झालीं तीं कायमचींच.

आतां माझ्या काळ्या पडद्याकडे येतों. २००४ सालीं इंटेलनें ७७५ संपर्कबिंदूंचें नवें कोंदण काढलें. तें चांगलें चार-पांच वर्षें चाललें, पण त्याच अवधींत आंतला हिरा पार बदलला. २००५ चा बोर्ड पेंटियम चौथ्यासाठीं घडविलेला; आमचा प्रोसेसर २००६ नंतरच्या कोअर २ या पिढीचा. कोंदण तेंच, पण बोर्डावरचा चिपसेट जुना, दाब देणारी योजना निराळी, आणि यंत्र जागें करणाऱ्या बायॉस या आज्ञावलीला या नव्या पाहुण्याची ओळखच नाहीं. पुढेंहि असेंच घडत आलें. २०१५ चें ११५१ बिंदूंचें कोंदण २०१७ सालीं त्याच मापाचें राहिलें. तरी नव्या प्रोसेसराला नवा बोर्डच घ्यावा लागला. उलट ए. एम्. डी.चें २०१६ मधलें 'एएम ४' पहा. त्यावर २०२० सालचे प्रोसेसरहि पुष्कळ जुन्या बोर्डांवर, केवळ बायॉस नवें करून चालले. जुनें टिकविणें अशक्य नसतें; कोणीतरी तें मनावर घ्यावें लागतें.

सर्वांनीं मला नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. मीं तो ऐकला नाहीं. लोकलनें ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, गांठला. या वेळीं "हा बसेल का?" असें विचारलें नाहीं. कोंदण कोणतें, चिपसेट कोणता, प्रोसेसराला लागेल तेवढी वीज बोर्ड देतो का, बायॉस कितव्या आवृत्तीचें, आणि आमची जुनी स्मृतिपट्टी त्यावर चालेल का, असे पांच प्रश्न विचारले. चौथ्या दुकानांत पांचांचीं उत्तरें जुळलीं. त्याच रात्रीं पडदा उजळला.

शेजाऱ्यांचा बोर्ड मीं त्यांना परत केला. तो निर्दोष आहे. आमचा प्रोसेसरहि निर्दोष होता. भंगार ठरत होतें तें दोघांमधल्या न जुळण्यामुळें, आणि त्या न जुळण्यांत निसर्गाचा वांटा किती व व्यापाराचा किती, हें दर वेळीं निराळेंच निघतें. तेव्हां घरचें एकादें यंत्र निकालांत काढण्यापूर्वीं हा हिशेब एकदां अवश्य करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.