कथाकाव्य आणि हेवी मेटल : आयर्न मेडनच्या एका दीर्घगीताचा मुंबईतील प्रयोग

आटपाडी तालुक्यातील शेटफळे हे ग. दि. माडगूळकरांचे जन्मगाव. त्यांच्या ‘गीतरामायणा’ने १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ५६ गीतांतून रामकथा घरोघरी पोहोचवली. अशा कथागायनावर पोसलेल्या श्रोत्यास हेवी मेटल हा निव्वळ गोंगाट वाटावा, हे स्वाभाविक होय. तथापि या संगीतप्रकारातील एका महत्त्वाच्या रचनेचा पाया कथाकाव्यच आहे.

कोलरिजची ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ ही कविता १७९८ मध्ये ‘लिरिकल बॅलड्स’मध्ये प्रसिद्ध झाली. खलाशी अल्बट्रॉस पक्ष्याला विनाकारण मारतो. जहाजावर अनर्थ ओढवतो, सोबती मरतात आणि आपली कथा लोकांना सांगत हिंडणे एवढेच त्याच्या वाट्याला उरते. आयर्न मेडन या ब्रिटिश वाद्यवृंदाचे बेसगिटारवादक स्टीव्ह हॅरिस यांनी या कवितेवरून गीत रचले. ते १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’ या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट झाले.

साडेतेरा मिनिटांहून अधिक लांबीच्या या गीतात मुखडा-अंतरा अशी आवर्तने नाहीत. कथेच्या वळणाबरोबर लय बदलते. मध्यावर तर वाद्यांचा कल्लोळ थांबतो. बेसगिटारचे संथ स्वर, लाकडी जहाजाची करकर आणि मूळ कवितेतील एका उताऱ्याचे पठण एवढेच उरते. वारा पडून खोळंबलेले जहाज ऐकू येते ते या जागी. मग लय हळूहळू चढत जाते व अखेरीस आरंभीची धून परतते. रंगमंचावर खरी कसोटी या संथ भागाचीच; जल्लोषासाठी जमलेल्या समुदायाला तेथे ऐकत उभे राहावे लागते. गायक ब्रूस डिकिन्सन यांची भूमिकाही तेथे गायकापेक्षा कथेकऱ्याच्या जवळची ठरते.

१९८० च्या दशकातील दौऱ्यांनंतर हे गीत सुमारे दोन दशके कार्यक्रमांतून बाजूला पडले होते. ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जागतिक दौऱ्यात ते परतले आणि त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. कलावंत, कर्मचारी व साहित्य एकाच बोइंग ७५७ विमानातून आले. वैमानिकांत स्वतः डिकिन्सन होते. लंडन वा न्यूयॉर्कऐवजी मुंबईने हे पुनरागमन प्रथम ऐकले, ही बाब भारतीय रॉकसंगीताच्या इतिहासात दुर्लक्षणीय नाही.

परंतु अधिकृत दस्तऐवज वेगळेच सांगतो. २००९ च्या ‘फ्लाइट ६६६’ या ध्वनिचित्रसंचात मुंबईच्या वाट्याला ‘एसेस हाय’ हे गीत आले. ‘राइम’चे मुद्रण घेतले गेले ते न्यू जर्सी येथील. त्यामुळे मुंबईच्या प्रयोगासाठी अभ्यासकाला तत्कालीन वृत्तपत्रे आणि श्रोत्यांच्या आठवणी यांकडेच वळावे लागते. त्या वेळी महाविद्यालयात असलेले श्रोते आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्या मुलाखती नोंदवण्याचे काम आताच हाती घेता येण्यासारखे आहे.