नगर जिल्ह्यांतील भाडेचिठ्या व घराच्या डागडुजीचा प्रश्न

सनदा, महजर, निवाडपत्रें यांच्या शेजारीं घरभाड्याची चिठी ही क्षुद्र वस्तु वाटते, आणि म्हणून संशोधकांचें लक्ष तिजकडे क्वचितच जातें. परंतु सामान्य रहिवाशाचें घर कसें होतें, त्यांतील काय मोडत असे व तें कोणाच्या खर्चानें नीट व्हावयाचें, हें सांगणारा दुसरा कागद सहसा नसतो. अहमदनगर (सांप्रतचें अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अनुषंगानें या कागदांचें मोल काय, याचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम घराकडे पाहूं. जिल्ह्याचा बहुतेक भाग कमी पावसाचा. त्यामुळें देशावरील जुनीं घरें धाब्याचीं. दगडमातीच्या किंवा भेंड्यांच्या भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या व किलचा, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची रचना असते. उजेडासाठीं व धुरासाठीं सवणें, पाण्यासाठीं पन्हळी. मृगापूर्वीं नवी माती घालून चोपली नाहीं, उगवलेलें गवत काढलें नाहीं, पन्हळी मोकळ्या केल्या नाहींत, तर पाणी मुरतें, किलचा कुजतात आणि अखेर तुळई बसते. उलट अकोले तालुक्याच्या पश्चिमेस घाटघराकडे पाऊस मुसळधार, म्हणून छपरें उतरतीं. तेथें प्रश्न शाकारणीचा. एकाच जिल्ह्यांत ‘डागडुजी’ या शब्दाचे असे दोन अर्थ होतात.

वादाचें मूळ या रचनेंतच आहे. माती घालणें हें वर्षाचें लहान काम. तुळई बदलणें हें पिढीचें मोठें काम. पण लहान काम चुकलें म्हणजेच मोठें काम उद्भवतें. घरधनी म्हणणार, भाडेकरूनें माती घातली नाहीं म्हणून तुळई गेली. भाडेकरू म्हणणार, मी राहावयास आलों तेव्हांच ती किडलेली होती. प्रवेशसमयींची घराची स्थिति लिहून ठेवली नसेल, तर यांतील खरें कोणाचें हें न्यायाधीशासहि ठरवितां येत नाहीं.

कागदाच्या अभावाप्रमाणें एकतर्फी कागदाचें भयहि या जिल्ह्यास परिचित आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सुरू झालेला सावकारांविरुद्धचा दंगा नगर जिल्ह्यांतहि पसरला, आणि लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. पुढें १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिण्याची व्यवस्था केली. तो प्रश्न कर्जाचा होता, घरभाड्याचा नव्हे. परंतु ज्याच्या हातीं लेखणी त्याचीच बाजू कागदावर येते, हें तत्त्व दोहोंस लागू आहे. कबुलायत भाडेकरू लिहून देई; तींत त्याच्या जबाबदाऱ्या येत, धन्याच्या येतीलच असें नसे. नोंदणीकृत भाडेपट्ट्यावर उभयतांनीं सही केली पाहिजे, असा नियम १९२९ च्या दुरुस्तीनें झाला. म्हणून त्यापूर्वींची कबुलायत वाचतांना धन्यानें दुरुस्तीचें वचन दिलें नव्हतें, असा निष्कर्ष केवळ मौनावरून काढणें सयुक्तिक नव्हे.

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्यास तो १८९३ पासून लागू झाला. त्याच्या १०८ व्या कलमाप्रमाणें भाडेकरूनें घर घेतलें त्या स्थितींत राखावें व परत करावें. वाजवी झीज व अनिवार्य आपत्ति यांचा अपवाद. धनी बांधील असलेली दुरुस्ती सूचना देऊनहि वाजवी मुदतींत न झाल्यास भाडेकरूनें ती करून खर्च भाड्यांतून वळता करावा. परंतु कलमाच्या आरंभींच एक मर्यादा घातलेली आहे: करार किंवा स्थानिक वहिवाट याविरुद्ध नसेल तरच हे नियम. अर्थात् माळवदावर माती कोणी घालावयाची, या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें गांवच्या वहिवाटीवर सोपविलें. आणि वहिवाटीचा उत्तम पुरावा म्हणजे जुन्या भाडेचिठ्याच होत.

यानंतर भाडेनियंत्रण आलें. १९४७ च्या मुंबईच्या कायद्यानें घर सुस्थितींत ठेवण्याचें कर्तव्य धन्यावर घातलें, पण प्रमाणभाडें मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशीं जखडून ठेविलें. शिवाय भाडेकरूनें केलेला खर्च वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक वळता करतां येईना. भाडें गोठलेलें, मजुरी व लांकूड मात्र महाग. तेव्हां तुळई बदलणें धन्यास परवडेना व भाडेकरूस न्याय्य वाटेना. भाडें असें गोठविणें अवाजवी झालें आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९७ मध्यें म्हटलें. १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें, जो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला, वार्षिक शेंकडा ४ वाढीस मुभा दिली, दुरुस्तीचें कर्तव्य धन्यावरच ठेविलें आणि भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असें ठरविलें.

सारांश, कायदे बदलले तरी मूळ प्रश्न एकच राहिला: घर हातीं आलें तेव्हां तें कसें होतें? जुने वाडे पाडले जातात तेव्हां तुळयांस गिऱ्हाईक मिळतें, पण फडताळांतील भाडेचिठ्या रद्दींत जातात. त्यांचा संग्रह करणारानें केवळ भाड्याचा आंकडा टिपून थांबूं नये. घराच्या चतुःसीमा, खणांची संख्या, छपराचा प्रकार, मोडतोडीची नोंद व डागडुजीची अट हींहि उतरून घ्यावींत. त्यांवरून धनी व भाडेकरू यांचाच नव्हे, तर नगरच्या घरांचाहि इतिहास लिहितां येईल.