सुट्टीतली शास्त्रशाळा आणि कोकणातला मे

मे महिन्यात रिकामी मुलं शोधायची, तर रत्नागिरीइतकं गैरसोयीचं ठिकाण नाही. परीक्षा संपते तोच आंब्याची धांदल सुरू. बागेत काढणी, पडवीत पेट्या, मागीलदारी फणस फोडलेला, आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांनी घर भरलेलं. मृगाच्या आत कौलं चाळायची आणि लाकूडफाटा आत घ्यायचा, ते निराळंच. अशा दिवसांत रोज सकाळी मुलांना देवळात आणून पवित्र शास्त्र शिकवायचा जो नमुना ख्रिस्ती मंडळ्यांपुढे आला, तो बेतला होता भलत्याच गावासाठी.

ते गाव म्हणजे न्यूयॉर्क. १८९८ साली एलायझा हॉज या बाईंनी तिथल्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत सुट्टीतली मुलं रस्त्यावर भटकताना पाहिली आणि त्यांच्यासाठी भाड्यानं जागा घेतली, ती चक्क बिअरच्या गुत्त्यात! पुढे १९०१ मध्ये बॅप्टिस्ट मिशनचे रॉबर्ट बोव्हिल यांनी त्याच शहरात पाच शाळा चालवल्या. उन्हाळ्यात ओस पडलेली चर्चं, घरी बसलेले कॉलेजचे विद्यार्थी आणि उनाडणारी मुलं यांची त्यांनी सांगड घातली. शास्त्रातल्या गोष्टी, गाणी, हस्तकला, खेळ असा दिनक्रम ठरला आणि काही वर्षांत तो देशोदेशी गेला. गुत्त्यात सुरू झालेलं हे काम आज छापील पुस्तकं, रंगीत तक्ते आणि दरवर्षीचा ठरीव विषय घेऊन येतं, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याला मात्र मिशनच्या वर्गांची ओळख बोव्हिलसाहेबांच्या कितीतरी आधीची. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक बाणकोटला उतरले, मग हर्णै. त्यांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. १८२९ मध्ये जॉन विल्सन मुंबईत आले आणि मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले. मुंबईच्या विल्सन कॉलेजला नाव आहे ते यांचंच. पुढच्या दशकात हे मिशन पुण्या-मुंबईकडे सरकलं. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं रत्नागिरीत ठाणं मांडलं ते १८७३ मध्ये.

या शाळांत पोरं का जात, हा प्रश्न महत्त्वाचा. पालकांना हवं होतं लिहिणं, वाचणं, हिशेब, पुढे इंग्रजी. त्यासाठी तासभर बायबल ऐकायला त्यांची फारशी हरकत नसे. दापोलीच्या मिशन हायस्कूलचंच पाहा. तिथून पांडुरंग वामन काणे १८९७ मध्ये मॅट्रिक झाले आणि पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. साने गुरुजीही दापोलीच्या मिशन शाळेतलेच. मिशनऱ्यांच्या मनात होतं ते या मुलांच्या बाबतीत घडलं नाही. शाळा मात्र उत्तम चालली.

रविवारी भरणारी शब्बाथ शाळा ही याहून घरगुती गोष्ट. तिथं येणारी मुलं बहुधा मंडळीतलीच असत. अमेरिकन मराठी मिशननं १८७२ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिकही काढलं. पण मुलांच्या तोंडी धर्म बसवला तो गाण्यानं, आणि त्याचं मोठं श्रेय रत्नागिरी जिल्ह्याच्याच सुपुत्राकडे जातं. करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. विलायती चालींवर कशीबशी बसवलेली मराठी गीतं तेव्हा उपासनेत गायली जात. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन देवळात आणलं. पेटी आणि टाळ असले की पोरं आपोआप ठेक्यात येतात. तिथं तक्त्यांची गरज पडत नाही.

सुट्टीतल्या वर्गाचं यशही अशाच साध्या गोष्टींवर ठरतं. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत मुलं घरी. वयाप्रमाणे गट, कारण पाच वर्षांचा आणि बारा वर्षांचा एका जाजमावर टिकत नाही. रोज एकच सुवर्णवचन. दोन दिले की दोन्ही विसरतात. शिकवणारे तरुण आठवडाभर आधी एकत्र बसून गोष्टी सांगून पाहतात. मधल्या सुट्टीत कोकम सरबत. शेवटच्या दिवशी पालकांपुढे नाटुकलं, आणि त्यात दाविदापेक्षा गल्याथ व्हायलाच जास्त भांडणं! चाकरमान्यांच्या मुलांना वगळून चालत नाही. त्यांची परतीची तिकिटं आधीच काढलेली असतात, तेव्हा तारखा ठरवताना ती विचारात घ्यावी लागतात.

छापील साहित्यातली मेंढरं आणि द्राक्षमळे कोकणातल्या पोराला समजावून सांगावे लागतात. इथं ना धनगराचे वाडे फारसे, ना द्राक्षं. उलट गालीलच्या समुद्रावरचं वादळ, होडी, फाटलेली जाळी नीट करत बसलेले कोळी हे सगळं मिरकरवाड्यातल्या किंवा हर्णैतल्या मुलाला शिकवणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. पेत्र रात्रभर जाळं टाकून रिकामा परतला, हे सांगितलं की पुढे कसलं जाळं, किती पाण्यात, असे प्रश्न सुरू होतात, आणि शिकवणाऱ्यानं मासेमारीची थोडी माहिती आधी करून घेतलेली नसेल, तर त्याची पंचाईत होते.