पूर ओसरल्यावर घर कुठे बांधायचे? पनवेल ते महाड : पुनर्वसनाचा इतिहास

१/ पूर ओसरला की पुनर्वसनाची चर्चा भिंती आणि छपरापासून सुरू होते. रायगड जिल्ह्याचा गेल्या दोन दशकांचा अनुभव मात्र सांगतो, की घराची सुरक्षितता पायाखालच्या जागेवर ठरते. या जागेच्या प्रश्नाचा हा थ्रेड.

२/ पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी नदी शहरालगत वाहत खाडीला मिळते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की नदीला खाडीत वाट मिळत नाही. पाणी मागे तुंबते आणि सखल वस्त्यांत शिरते. ज्या स्थानाने व्यापार दिला, त्यानेच पूरही दिला.

३/ जुन्या कोकणी घराने या पावसाशी जुळवून घेतले होते : उंच दगडी जोते, उतरते कौलारू छप्पर, रुंद वळचण. ठाकूर-कातकरी वाड्यांत कारवीच्या कुडावर शेणामातीचा लेप असे. असा कूड वाहून गेला तरी पुन्हा विणता येई. ते घर अभेद्य नव्हते. पण कुटुंब ते स्वतःच्या हातांनी पुन्हा उभारू शकत होते.

४/ २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाढीच्या पुराने पनवेल जलमय झाले. त्याच अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडीवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या.

५/ दासगावच्या दरडग्रस्तांना ‘तात्पुरता’ निवारा म्हणून पत्र्याच्या शेड मिळाल्या. अनेक कुटुंबांना दशकाहून अधिक काळ त्याच पत्र्याखाली काढावा लागला. मुले तिथेच मोठी झाली. घर गमावण्याइतकीच ही प्रतीक्षाही आपत्तीचा भाग असते.

६/ नदीकाठी जागेचा निर्णय पूररेषांवर अवलंबून असतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आणि दोहोंमधील पट्ट्यात निर्बंध असतात. म्हणजे जुन्या जोत्यावर घर बांधणे पुष्कळदा शक्य नसते, आणि दूर जावे तर शेत, मासेमारी, रोजगार मागे राहतो.

७/ बांधकामाचे तंत्र त्यामानाने सोपे आहे. जोते ज्ञात पूरपातळीच्या वर घ्यावे. जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सलग काँक्रीटचा पट्टा फिरवून चारही भिंती एकत्र बांधाव्यात. छप्पर भिंतींना घट्ट जखडावे. भोवतालच्या पाण्याचा निचरा करावा.

८/ तंत्र पुरेसे नाही, हे पुणे जिल्ह्यातील माळीणने दाखवले. ३० जुलै २०१४ च्या दरडीनंतर आमडे येथे नवे गाव वसले आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले. डोंगरउतार कापून केलेली जमीन स्थिर व्हायला वेळ घेते.

९/ पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाडमधील तळीये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. इर्शाळवाडीत २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. वाचलेली कुटुंबे प्रथम चौकजवळ कंटेनरच्या खोल्यांत राहिली. कायमच्या घरांचे काम सिडकोकडे आले.

१०/ या साऱ्या घटनांत जागेचा शोध आपत्तीनंतर सुरू झाला. पूररेषा आणि डोंगरउतार आपत्तीपूर्वीही तिथेच होते. धोक्याच्या प्रत्येक वस्तीसाठी रोजगाराच्या अंतरात सुरक्षित जमीन आधीच राखून ठेवली, तर शेडमधली वर्षे वाचतील. गाढीच्या काठावर आज नवनवे मजले चढत असताना हा प्रश्न पनवेलसाठीही तितकाच तातडीचा आहे.