गोठूनही जगणारे शैवाल

उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यावर हिवाळ्यात ओहोटी लागली म्हणजे तपकिरी शैवाल उघडे पडते आणि थोड्याच वेळात थिजून कडक होते. भरती आली की तेच शैवाल मऊ होऊन पुन्हा लाटांबरोबर डोलू लागते. यातील फ्यूकस व्हेसिक्युलोसस या जातीचे नामकरण लिनीयसने १७५३ साली केले; परंतु ती गोठूनही जगते कशी, हे कळण्यास पुढे दोन शतके लागली.

१९५३ साली शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्रुवप्रदेशातील गोठलेल्या वनस्पतींचा आणि प्राण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९५७ साली अमेरिकेतील वूड्स होल येथील जॉन कॅनविशर यांनी दाखवून दिले की, कडाक्याच्या थंडीत या शैवालातील बहुतेक पाणी खरोखरच गोठते. म्हणजे शैवाल बर्फाला टाळीत नाही, ते बर्फ सोसते. स्फटिक पेशींबाहेर बनतात आणि आतील पाणी ओढून घेतात. पेशी आक्रसते, पण फुटत नाही.

१९९४ साली मेन विद्यापीठातील पिअरसन व डेव्हिसन यांनी फ्यूकसच्याच दुसऱ्या एका जातीत गोठणे व सुकणे या दोन संकटांतील साम्य दाखविले. वरच्या पट्ट्यातील शैवाल ओहोटीत अधिक काळ उघडे राहून सुकते. थंडीही सामान्यतः तेच अधिक सोसते. बर्फ वितळल्यावर मंदावलेले प्रकाशसंश्लेषण हळूहळू पूर्वपदावर येते. मात्र गोठण्याचा काळ फार लांबला, तर इजा कायमची ठरते. रोजच्या ओहोटीत अंगवळणी पडलेली सोशिकताच हिवाळ्यात प्राण वाचविते.